चिल्लरीत दुर्मीळ नाणं: काय बघायचं, कसं बघायचं आणि कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही

टांकसाळकर

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं विकून दहा लाख मिळतात, हा निरोप पुन्हा फिरायला लागलाय, म्हणून हा धागा. ते नाणं २०१२ चं, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचं. ₹५ आणि ₹१० अशा दोन्ही किमतींत निघालं आणि आजही वाण्याच्या गल्ल्यात सापडतं. लाखो रुपये देणारा माणूस स्वतःच त्या वाण्याकडे का जात नाही, एवढा विचार केला तरी पुरे.

मग चिल्लरीत काहीच नसतं का? असतं. बहुतेकदा चहा-नाश्त्याचे पैसे सुटतील इतपत, क्वचित त्याहून बरं. पण त्यासाठी नाणं वाचता आलं पाहिजे, आणि वाचायची सुरुवात सालाच्या खालून होते.

सालाच्या आकड्याखाली बारीक खूण असते, ती टांकसाळीची. चौकट (पत्त्यांतली, डायमंड) म्हणजे मुंबई. पाच टोकांचा तारा म्हणजे हैदराबाद. भरीव टिंब म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची, त्यामुळे त्याआधीच्या सालाखाली टिंब दिसलं तर ते नोएडाचं नाही.

घोळ कुठे होतो ते सांगतो. मुंबईची चौकट खसखशीच्या दाण्याएवढी असते. नाणं काही वर्षं हातोहात फिरलं की तिची चारही टोकं झिजतात आणि ती टिंबासारखी दिसायला लागते. अशा वेळी एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरा, १० पटीच्या भिंगातून बघा आणि हळूहळू फिरवा. चौकटीच्या बाजू सरळ असल्यामुळे चमक एका बाजूवरून दुसरीवर उडी मारते. टिंबावर ती गोल सरकत जाते. आणि कोलकाता ठरवण्याआधी सालाखालची घाण निघालीय ना ते बघा. "खूण नाही" आणि "खूण दिसत नाही" यांत फरक आहे.

परदेशी टांकसाळींचंही सांगून टाकतो, कारण निम्म्या अफवा त्यावरच चालतात. १९८५ चा तांबे-निकेलचा रुपया (२६ मिमी, ६ ग्रॅम) घ्या. सालाखाली इंग्रजी एच असेल तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. चौकट सालाच्या पहिल्या आकड्याखाली असेल तर वेल्समधल्या लँट्रिसंटचा. चौकट कुठल्या आकड्याखाली, एवढाच मुंबई आणि वेल्समधला फरक. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मेक्सिको, प्रिटोरिया, क्रेम्निका (स्लोव्हाकिया), मॉस्को इथूनही नाणी पाडून आणली. यातलं कुठलंही केवळ परदेशी म्हणून दुर्मीळ होत नाही. देशात चिल्लरीचा तुटवडा होता म्हणूनच तर बाहेरून मागवली, आणि तुटवडा भागेल इतकी मागवली.

लागणारं सामान: ०.०१ ग्रॅम वाचणारा काटा, व्यास मोजायला डिजिटल व्हर्नियर, १० पटीचं भिंग, छोटं चुंबक. यातलं भिंग आधी घ्या.

मोड_सुट्टे

छान सुरुवात. एक विचारू का? दुकानाच्या गल्ल्यातली चिल्लर चाळावी की बँकेतून पिशवी आणावी? आणि चाळताना नक्की कशाकडे बघायचं? दोनशे नाण्यांनंतर सगळी सारखीच दिसायला लागतात.

टांकसाळकर

दोन्हीचा उपयोग वेगळा. बँकेत मागितली तर कोरी नाणी मिळू शकतात, त्यांत एरर (पाडताना चूक झालेलं नाणं) सापडायची शक्यता जास्त आणि सापडलेलं नाणं हाताळलेलं नसतं. गल्ल्यात जुनी सालं आणि स्मारक नाणी मिळतात. चाळून झाल्यावर परत भरायला नेताना शंभर-शंभरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या करून न्या. रिझर्व्ह बँकेनेच तसं सुचवलेलं आहे, आणि काउंटरवरचा चेहराही जरा सैल होतो.

चाळायची पद्धत अशी. आधी किंमतीप्रमाणे वेगळं करा. मग प्रत्येक ढीग उभा रचून नुसत्या कडा बघा. जाड-पातळ, अर्धवट किनार, वेगळा रंग इथेच कळतो, आणि शंभर नाण्यांना मिनिटसुद्धा लागत नाही. त्यानंतर सगळी एका बाजूने पसरा आणि फक्त चित्र बघा. सालं आणि खुणा शेवटी. सगळं एकदम बघायला गेलं की डोळे थकतात आणि तुम्ही म्हणताय तसं सगळं सारखंच दिसतं.

मापं पाठ असली तर निम्मं काम होतं. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. २०११ चा (₹ चिन्हाचा) २१.९३ मिमी, ३.७९ ग्रॅम. २०१९ चा धान्याच्या नक्षीचा २० मिमी, ३.०९ ग्रॅम. दोन रुपये: जुनं अकरा कोनांचं तांबे-निकेल २६ मिमी, ६ ग्रॅम, २०११ चं २५ मिमी, ४.८५, २०१९ चं २३ मिमी, ४.०७. पाच रुपये: जुनं जाड तांबे-निकेल २३ मिमी, ९ ग्रॅम; नंतरचं निकेल-पितळी त्याच व्यासाचं पण ६ ग्रॅम; २०१९ चं २५ मिमी, ६.७४.

आता वरची ओळ परत वाचा. १९९२ चा रुपया आणि २०११ चे दोन रुपये, दोघांचीही चकती (छाप पडण्याआधीचं कोरं नाणं) २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. तेव्हा "दोनाचा छाप रुपयाच्या चकतीवर पडलाय" असं सांगून कुणी नाणं विकायला आलं तर वजनाचा काटा तुम्हाला काहीही सांगू शकणार नाही. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

पाच रुपयांत चुंबक उपयोगी पडतं. २००४ ते २००७ या काळातली काही स्मारक नाणी तांबे-निकेल आणि स्टील अशा दोन्ही धातूंत पडली. तांबे-निकेलला चुंबक लागत नाही, वजन ९. स्टीलला लागतं, वजन ६. चित्र तेच, साल तेच. संग्राहक दोन्ही वेगळी धरतात.

काटा_छापा

एररचं मी लिहितो, कारण चिल्लरीत खरोखर हाती लागण्यासारखं तेच आहे.

सगळ्यात सोपी तपासणी फिरलेल्या डायची, म्हणजे छाप मारणाऱ्या ठशाची. आपली नाणी अशी पाडतात की छापा सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं तर काटाही सरळच दिसतो. अंगठा वरच्या टोकाला, तर्जनी खालच्या टोकाला, मध्ये नाणं, आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारून फिरवा. काटा तिरका आला तर डाय फिरलेला आहे. दहा-पंधरा अंश तिरकं भरपूर सापडतं, त्याला कुणी विचारत नाही. ९० अंश झालं की लोक थांबून बघतात. पूर्ण उलटं, म्हणजे १८०, सगळ्यांत मागणीचं. फोटो टाकताना दोन्ही बाजूंचे वेगवेगळे फोटो टाकू नका, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आरशासमोर धरून एकच फोटो काढा.

कापलेली चकती (क्लिप). पट्टीतून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर चढला की चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा जातो. खरी ओळखायची खूण तुकड्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला असते. छाप मारण्याआधी चकतीची कड दाबून किनार उचलतात, तेव्हा कापलेल्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरच्या टोकालाही किनार दबलेली किंवा गायब असते. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची किनार ठणठणीत असते. शिवाय खऱ्या क्लिपजवळची अक्षरं तुकड्याकडे ओढल्यासारखी दिसतात. घासलेल्यात ती मध्येच सरळ तुटतात.

ब्रोकेज म्हणजे आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा ठसा बसला. एका बाजूला सिंह नेहमीसारखे उठावदार, दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोलगट आणि आरशातल्यासारखे. याची नक्कल शिकंज्यात होते: दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळायची. पण मग मूळ चित्र पूर्ण पुसलं जात नाही, खोलगट ठशाखाली जुनी अक्षरं दिसतात, आणि पलीकडची बाजू चपटी होते. तिथेच थांबा.

सरकलेला छाप (ऑफ-सेंटर): कोरा राहिलेला भाग गुळगुळीत हवा, त्यावर पुसट अक्षरंही नकोत. साल दिसत असेल तर मोल वाढतं.

दहा रुपयांचं दुहेरी धातूचं नाणं हा सध्याचा मोठा बाजार आहे, आणि मोठी फसवणूकही. गाभा तापवून, ठोकून बाहेर काढतात आणि उलटा किंवा तिरका बसवून देतात. कड्यावरून गाभ्यावर जाणारी प्रत्येक रेघ भिंगातून बघा. चकती जोडल्यानंतर एकाच ठोक्यात दोन्हींवर छाप पडतो, त्यामुळे गाभा बाजूला सरकलेला असला तरी रेघ सांध्यावरून सलग जाते. सांध्यावर रेघ तुटून दोन मिलिमीटर पलीकडे सुरू होत असेल तर ते हातोड्याचं काम.

एखादं अक्षर गायब, आकडा अर्धा: बहुतेकदा डायमध्ये वंगण भरलेलं असतं. मजा म्हणून ठेवा. कुणी फार देत नाही.

मोड_सुट्टे

काटा_छापा, अगदी पातळ, पुसट नाणं असेल तर? पन्नास पैशाचं आहे, वजन निम्म्याच्या आसपास.

काटा_छापा

कड बघा. चकतीच पातळ असेल तर छाप पुसट पण किनारीचा आकार नेहमीचा असतो, आणि पृष्ठभाग साधा. ॲसिडमध्ये टाकलेल्या नाण्याचा व्यासही घटतो, पृष्ठभागावर नारळाच्या वडीसारखा खरबरीतपणा येतो आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. व्यास किती भरतो ते सांगा. व्यास कमी असेल तर विषय संपला.

रसायनी

एक विनंती, काकुळतीला येऊन. नाणी घासू नका. चिंच, लिंबू, पितळेची पावडर, खायचा सोडा, टूथपेस्ट, काहीही नको. चिंचेने तांब्याचं नाणं गुलाबी होतं, हा काही स्वच्छ रंग नव्हे; वरचा थर ॲसिडने खाल्लेला असतो. पावडर आणि सोडा बारीक ओरखडे पाडतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण दिव्याखाली तिरपं धरलं की सगळे एका दिशेने चमकतात आणि घेणारा नाणं खाली ठेवतो.

करण्यासारखं एवढंच: धूळ-माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर, मग सुती कपड्यावर ठेवून नुसतं टिपायचं. चिकटपणा, गोंद किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोन. काचेच्या वाटीत पाच-दहा मिनिटं, खिडकी उघडी, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. ॲसिटोन धातूला हात लावत नाही, पण काळेपणाही काढत नाही, आणि काळेपणा काढायचाही नाही.

खणखणीत

रसायनी, चांदीच्या बाबतीत थोडं सैल सोडा ना. मोडीच्या भावाचा झिजलेला रुपया असेल आणि तो देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाला ठेवायचा असेल तर घासला म्हणून काय बिघडलं?

रसायनी

मोडीच्याच भावाचा आहे हे आधी ठरवा, मग घासा. लोक उलट क्रमाने करतात.

ठेवायचं कसं तेही सांगते. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, तीच तो हिरवा थर सोडतात. मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची पाकिटं घ्या आणि स्टेपलरची पिन पक्कडीने चपटी करा, नाहीतर शेजारच्या पाकिटातलं नाणं ओरबाडलं जातं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो, तो कायमचा. कोकणात, गोव्यात, मुंबईत डब्यात सिलिका जेल हवंच, आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत टाकायचं.

खणखणीत

रास्त आहे. आता चिल्लरीतून जरा जुन्या डब्याकडे वळतो, कारण "आजीच्या डब्यातला रुपया" हा प्रश्न येणारच.

ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम, बाकी तांबं, निकेल, जस्त. १९४७ चा रुपया निकेलचा, चांदी शून्य. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया वजनात तंतोतंत ११.६६ भरतो. चुंबक लावा, टपकन चिकटतो. चांदी चिकटत नाही.

व्हिक्टोरियाच्या "१८६२" च्या रुपयाने अनेकजण फसतात. ते साल गोठवलेलं होतं. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ च छापत राहिले, म्हणून तो भरपूर मिळतो. त्यात वेगवेगळे प्रकार आहेत, सालाखालचे ठिपके मोजून ते ओळखतात. नुसतं "१८६२ आहे" याला अर्थ नाही.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया: राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली, बराचसा साठा वितळवला. त्याला "डुक्करछाप" म्हणतात. मागणी आहे, पण अवस्था बघून.

१९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ. म्हणूनच त्याच्या नकला सगळ्यांत जास्त. १९३८ चा आठ खरवडून नऊ केलेले, साच्यात ओतलेले, चांदीचा मुलामा दिलेले. १९४० च्या शून्यावरूनही करतात, पण तिथे कड घात करते: १९४० पासूनच्या रुपयाला सुरक्षा-किनार (मधोमध चर असलेली कड) आहे, त्याआधीच्याला साध्या उभ्या खाचा.

घनतेची चाचणी घरी होते, सोनाराकडे घासायला देऊ नका. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-काठाला लागू देऊ नका. काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. ९१.७ टक्के चांदी साधारण १०.३, निम्म्या चांदीची साडेनऊ, तांबे-निकेल ८.९, पितळ साडेआठच्या आसपास. ११.६६ ग्रॅमला हे आकडे अनुक्रमे १.१३, १.२३, १.३१ आणि १.३७ असे येतात. नाणं झिजलेलं असलं तरी फरक पडत नाही, वजन आणि आकारमान दोन्ही सोबतच घटतात. चूक होते ती बुडबुड्यांनी: खाचांत हवा अडकते आणि आकडा वाढतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. नंतर रसायनीबाईंच्या पद्धतीने धुवून टिपा.

स्वातंत्र्यानंतरच्यात गांधीजींचं १९६९ चं दहा रुपयांचं चांदीचं: १५ ग्रॅम, ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं: २२.५ ग्रॅम, निम्मी चांदी, म्हणजे सव्वाअकरा. मोठं नाणं, चांदी कमी. दोन्ही नाणी कमीत कमी धातूच्या भावाची तरी आहेत, आणि चिल्लरीच्या डब्यात ती चुकून निघतात.

गडवाट

जुन्या डब्यात तांब्याची शिवराई निघाली तर? आणि ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं, रामदरबाराचं?

खणखणीत

दुसऱ्याचं आधी. कंपनीने रामदरबार, हनुमान, लक्ष्मी असलेलं नाणं कधीच पाडलेलं नाही. ते बाजारू टोकन आहे, जत्रेत मिळतं. "तांदूळ ओढणारं नाणं" म्हणजे राइस पुलर म्हणून कोट्यवधींच्या गप्पा मारतात त्यातलंच. तांदळाच्या दाण्यांत लोखंडाचा कीस भरून खेळ दाखवतात, मग "तपासणी फी" मागतात. यात महाराष्ट्रात पोलीस केसेस झाल्यात. कंपनीचा अस्सल तांब्याचा अर्धा आणा हवा असेल तर १८३५ चा बघा, त्यावर कंपनीचं चिन्ह आहे, देव नाहीत.

टांकसाळकर

शिवराईचं मी सांगतो. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसरीला "छत्रपति". पण शिवराई महाराजांच्या काळानंतरही खूप वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी पडत राहिली, त्यामुळे लेख तोच असला तरी काळ तोच असेल असं नाही. ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी उत्तरकालीन, आणि तीच सर्वांत जास्त मिळते. अक्षरांचं वळण, ठिपक्यांची किनार, वजन हे सगळं बघावं लागतं. तांब्याच्या जुन्या शिवराईवर अक्षरं सहसा पूर्ण बसत नाहीत, कारण ठसा चकतीहून मोठा असे. सगळी अक्षरं अख्खी, मधोमध आणि ठळक असतील तर शंका घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघा; मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचंही आहे. दहा खरी नाणी डोळ्यांखालून गेली की नकली आपोआप टोचायला लागतात.

मराठी माणसाला आवडणारी फिरती नाणीही आहेतच: १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं, त्याच सालचा ज्ञानेश्वरांचा रुपया, १९९० चा बाबासाहेबांचा, २००२ चं तुकारामांचं दोन रुपयांचं, २००७ चं टिळकांचं पाच रुपयांचं. वेगवेगळ्या टांकसाळींच्या खुणा शोधत बसायला छान, पैसे कमवायला नव्हे. झिजलेलं असेल तर दोनाचे दोनच. टांकसाळीतून आल्यासारखं झळझळीत असेल तरच फरक पडतो.

वकिली_नजर

कायद्याचं थोडक्यात. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये १८७८ चे, पण आकडा अजून तोच आहे. म्हणजे शेतात शिवराईचा गाडगाभर साठा निघाला तर तो डब्यातला वारसा नाही.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतला भाचा मागतोय म्हणून कुरियर करू नका.

चालू नाणी वितळवणं, कापणं, भोक पाडणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. वर काटा_छापांनी लिहिलेले कानस आणि शिकंजावाले कलाकार यात येतात.

पन्नास पैसे अजून चलनात आहेत, दहा रुपयांपर्यंतच्या देण्याला. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजारापर्यंत. पंचवीस पैसे आणि त्याखालची जून २०११ अखेर बंद झाली.

आणि ऑनलाइन विकायला टाकल्यावर "रिझर्व्ह बँकेकडून बोलतोय, जीएसटी आणि नोंदणी फी भरा" असा फोन आला तर लगेच कापा. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही, कुणालाही असं कमिशन घ्यायचा अधिकार दिलेला नाही. ४ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी तसं जाहीर केलंय. घेणारा आधी पैसे मागतो, तिथे नाण्याचा प्रश्नच उरत नाही.

मोड_सुट्टे

पन्नास पैशाचा व्यास मोजला, तोही कमी भरला. ॲसिडच. सोडलं.

डब्यात तीन रुपये होते, खणखणीत यांच्या पद्धतीने मोजले, साबणाचा थेंब टाकून. १९४७: ११.६२ ग्रॅम, चुंबकाला चिकटतो. १९४२: ११.५१ ग्रॅम, पाण्यात १.२१, चिकटत नाही. तिसरा १९३९: १०.९० ग्रॅम, पाण्यात १.२८, चिकटत नाही. तिसऱ्यासाठी हात थरथरतोय.

खणखणीत

१९४७ निकेल, वाघासाठी ठेवा. १९४२: ११.५१ भागिले १.२१ म्हणजे ९.५१. निम्म्या चांदीचा, अस्सल, थोडा झिजलेला.

१९३९: १०.९० भागिले १.२८ म्हणजे ८.५. पितळावर मुलामा. वजनही पाऊण ग्रॅम कमी. कड भिंगाखाली धरून नाणं पूर्ण एक फेरा फिरवा, खाचांना आडवी जाणारी एक बारीक रेघ दिसते का ते सांगा.

मोड_सुट्टे

दिसते. पूर्ण गोल जाते, आणि एका जागी कानशीने घासल्यासारखी चपटी आहे.

खणखणीत

तो साच्याचा सांधा. चपट्या जागेतून धातू ओतला, नंतर देठ घासून काढला. १९४२ च्या पाकिटावर वजन आणि घनता पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनने नको, शाई पुठ्ठ्यातून आत झिरपते.